ईसीजी चांगला आला, मग मला होतं ते काय?

रात्री अकराच्या सुमाराला छातीत एकदम धडधड सुरू होते. श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, घाम फुटतो आणि आता आपलं काही खरं नाही, असं मनात पक्कं होतं. घरचे मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. ईसीजी निघतो, बीपी आणि शुगर बघतात. सगळं ठीक. एक सलाईन लागते आणि ‘गॅस असेल, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून पहाटे घरी पाठवतात. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. मग पेशंट विचारतो, आणि त्याचं विचारणं अगदी रास्त आहे: सगळे रिपोर्ट नॉर्मल, तर मला होतं ते काय?

यवतमाळ जिल्ह्यात, वणीपासून उमरखेडपर्यंत, माणसं हे ‘जीव घाबरते’, ‘कसंतरीच होऊन राहिलं’, ‘गॅस वर चढते’ अशा शब्दांत सांगतात. डॉक्टर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो खोटा नसतो, नाटक नसतं, वेडाची सुरुवातही नसते. रिपोर्ट नॉर्मल येतो याचा अर्थ एवढाच, की तपासणीत हृदयाला इजा दिसलेली नाही. धडधड मात्र खरी होती, घाम खरा होता. हे सगळं कुठून आलं, ते आधी समजून घेऊ. ते समजलं की निम्मा धाक तिथेच कमी होतो.

१. वाघ दिसला की शरीर काय करतं

मानसशास्त्राच्या पुस्तकांत इथे ‘समजा, तुमच्यासमोर वाघ आला’ असं उदाहरण असतं. राळेगाव आणि पांढरकवड्याच्या लोकांना काही समजावं लागत नाही. २०१६ ते २०१८ या काळात टी-१ वाघीण, जिला सगळा देश ‘अवनी’ म्हणून ओळखू लागला, याच पट्ट्यात वावरत होती. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. त्या दोन वर्षांत कापूस वेचायला एकट्यानं जायला माणसं धजावत नव्हती. तुरीच्या ओळीत नुसतं काही सळसळलं तरी काळजात चर्र होई.

त्या क्षणी शरीरात घडतं ते असं. मेंदूच्या आत, कानशिलांच्या बाजूला, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. धोक्याचा अंदाज घेणं हे त्याचं काम. विचार करणाऱ्या मेंदूला ‘हा वाघ की गाय?’ हे ठरवायला वेळ लागतो. हा भाग तेवढं थांबत नाही. तो निरोप सोडतो आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी अॅड्रेनलिन नावाचं रसायन रक्तात ओततात. हृदय जोरात चालतं, कारण पळण्यासाठी मांड्यांना रक्त हवं. श्वास वाढतो. शरीर तापू नये म्हणून घाम येतो. पचन थांबतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि तोंडाला कोरड पडते. नजर सगळीकडे जावी म्हणून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली हे सगळं मांडलं: लढा किंवा पळा, या दोहोंपैकी एकासाठी शरीर क्षणात सज्ज होतं.

पॅनिक अटॅकमध्ये हीच सज्जता होते, फक्त समोर वाघ नसतो. निरोप चुकून सुटलेला असतो. तो कधी चुकतो? बहुतेक वेळा शरीर आधीच शिणलेलं असतं: सलग जागरणं, महिनोन्‌महिने चाललेली काळजी, आजारपणानंतरचा अशक्तपणा, घरात नुकताच झालेला मृत्यू. काही घरांत हा स्वभाव रक्तातूनच येतो. आणि विदर्भात एक कारण खिशात असतं. खर्रा तोंडात टाकला की जीव शांत झाल्यासारखा वाटतो, पण तंबाखूतलं निकोटिन आणि सुपारी दोन्ही हृदयाची गती वाढवतात. दिवसभर खर्रा, वरून सहा-सात कप चहा आणि रात्री झोप नाही, अशा माणसाला रात्री अकराला धडधड झाली तर मला त्यात नवल वाटत नाही.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की अॅड्रेनलिन टिकाऊ नाही. शरीर ते काही मिनिटांतच मोडून टाकतं. म्हणून पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग उतरू लागतो. दवाखान्यात पोचेपर्यंत बरं वाटायला लागतं ते बहुतेकदा यामुळेच. श्रेय मात्र सलाईनला मिळतं, आणि पुढच्या वेळी सलाईनशिवाय आपण वाचणार नाही अशी समजूत पक्की होते.

२. श्वास अपुरा की जास्त?

कोविडनंतर ऑक्सिमीटर गावोगावी माहीत झाला. अटॅकमध्ये असलेल्या माणसाच्या बोटाला तो लावला, तर बहुतेक वेळा ९८ किंवा ९९ आकडा दिसतो. माणूस म्हणतो श्वास पुरत नाही, यंत्र म्हणतं प्राणवायू भरपूर. दोघंही खरं बोलतात.

निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. घाबरल्यावर तोच आकडा २५-३० वर जातो. पळायचं असतं तर एवढी हवा खर्ची पडली असती. पण माणूस खाटेवर बसलेला असतो. त्यामुळे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. हा वायू रक्तात कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं, घेरी आल्यासारखं वाटतं. रक्तातला कॅल्शियमचा तोलही बदलतो, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. ही वाकडी बोटं बघून घरचे ‘लकवा मारला’ किंवा ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात. दोन्ही नसतं.

चक्कर येऊन पडू, ही भीतीही यातलीच. माणूस बेशुद्ध पडतो तो सहसा बीपी एकदम घसरल्यावर. अटॅकमध्ये ते उलट चढलेलं असतं, त्यामुळे घेरी वाटली तरी माणूस कोसळत नाही. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणारे काही लोक याला अपवाद आहेत.

३. पण आधी हे नक्की करा

वरचं सगळं वाचून कुणी पहिल्याच वेळी घरी बसून राहिलं, तर ते या प्रकरणाचं अपयश ठरेल. छातीत दुखणं आणि घाबरणं पहिल्यांदाच झालं असेल तर दवाखान्यात जायचं, ईसीजी काढायचा. वय चाळिशीपुढे असेल, शुगर किंवा बीपी असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, चालताना वाढत असेल, तर १०८ ला फोन करायचा. थायरॉइडची वाढ, रक्त कमी असणं, दमा, शुगरच्या गोळीनं साखर खाली येणं, दारू एकदम सुटणं, मे महिन्यातला उन्हाचा तडाखा, या सगळ्यांत जीव घाबरतो. एकदा नीट तपासणी करून ही कारणं बाजूला काढावी लागतात.

आणि यवतमाळ जिल्ह्यात एक कारण सगळ्यांच्या आधी विचारायला हवं: फवारणी केली होती का?

२०१७ चा हंगाम इथे कुणी विसरलेलं नाही. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीच्या धास्तीनं औषधांची मिश्रणं मारली जात होती, चायना पंपाचा बारीक फवारा तोंडावर येत होता. २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर त्यात गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. विषबाधेची सुरुवातही घाम, थरथर, छाती भरून येणं आणि अस्वस्थता अशीच होते. ‘घाबरला असेल, झोपू द्या’ म्हणून घालवलेले दोन तास जिवावर बेततात.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. पॅनिक अटॅकमध्ये तोंडाला कोरड पडते. फवारणीच्या औषधांतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषानं लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतं, उलटी-जुलाब होतात. अटॅकमध्ये बाहुल्या मोठ्या होतात. या विषानं त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि अंधुक दिसतं. अंगातले स्नायू आपोआप फडफडतात. मात्र सगळी औषधं एका गटाची नसतात, म्हणून खुणा दिसायची वाट पाहू नये. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फवारणी करताना किंवा त्यानंतर घाबरल्यासारखं झालं, तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. लेबल बघून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

४. घाबरण्याचीच भीती

तपासणी झाली, कारण पॅनिक अटॅकच निघालं. आता पुढचा प्रश्न: एकदा आला तो पुन्हा पुन्हा का येतो?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब डा कोस्टा या डॉक्टरांकडे असे सैनिक आले, ज्यांना धडधड आणि छातीत दुखणं होतं, पण हृदयात दोष सापडत नव्हता. १८७१ साली त्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं. या आजाराला वैद्यकाच्या यादीत स्वतंत्र नाव मिळायला मात्र १९८० उजाडलं. ‘पुन्हा पुन्हा का’ याचं मला सर्वांत पटणारं उत्तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली दिलं. त्यांचं म्हणणं असं, की माणूस शरीरातल्या साध्या बदलाचा सर्वांत भयंकर अर्थ लावतो आणि तो अर्थच पुढची धडधड तयार करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, दारव्ह्याहून यवतमाळला रोज एसटीनं नोकरीला जाणाऱ्या एक बाई आहेत. एके दिवशी गर्दीत, उकाड्यात, नाश्ता न करता त्या उभ्या असतात. छाती थोडी धडधडते. मनात येतं, ‘मागल्या वेळी असंच सुरू झालं होतं.’ हा विचार म्हणजे मेंदूला धोक्याची वर्दी. अॅड्रेनलिन सुटतं, धडधड वाढते. ‘बघ, वाढलं. आता बसमध्येच काही होणार.’ आणखी अॅड्रेनलिन. त्या मध्येच उतरतात आणि पाच मिनिटांत बरं वाटतं.

त्या उतरण्यातच खरा घोटाळा आहे. बरं वाटलं ते अटॅक उतरणीला लागला म्हणून. पण मेंदू शिकला ते असं: बस धोक्याची होती, उतरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी बस दिसताच छाती धडधडते. मग नवरा सोबत हवा, मग पर्समध्ये पाण्याची बाटली आणि गोळी हवी, मग खिडकीचीच जागा हवी, आणि शेवटी नोकरीच नको. बाजार, लग्नाचा मांडव, बँकेची रांग एकेक करून बंद होतं. अटॅकनं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं या आखडून घेतलेल्या जगण्यानं होतं. म्हणून उपचाराचा सगळा भर टाळणं थांबवण्यावर असतो.

५. ती दहा मिनिटं

अटॅक आल्यावर तो ताबडतोब घालवण्याची धडपड करू नका. ती धडपडही मेंदूला धोक्याचीच वाटते. असाल तिथे बसा किंवा भिंतीला टेका. स्वतःला सांगा: ‘हा अटॅक आहे. आधीही आला होता. दहा मिनिटांत उतरेल.’ घड्याळ बघा, म्हणजे हे वाक्य खरं ठरताना दिसेल.

मग श्वास. इथे गडबड होते, कारण सगळे ‘मोठा श्वास घे’ म्हणतात. हवा आधीच जास्त जाते आहे, आणखी मोठा श्वास घेतल्यानं मुंग्या वाढतात. नाकानं, हळू, नेहमीएवढाच श्वास घ्या, मनात चार अंक मोजत. सोडताना सहा मोजा. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पहिल्या मिनिटात जमत नाही; तीन-चार मिनिटांत जमायला लागतं. रोज झोपताना पाच मिनिटं याची सवय केली तर अडचणीच्या वेळी ते आठवतं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सांगितला जात नाही, कारण दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला तो घातक ठरू शकतो.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. भोवती गराडा घालू नका, कांदा हुंगवू नका, ‘काही झालं नाही तुला’ असं ओरडू नका. एकानं शेजारी बसावं, हळू आवाजात आकडे मोजावेत. अंगारा लावल्यानं कुणाच्या मनाला आधार मिळत असेल तर मी वाद घालणार नाही. पण मांत्रिकाकडे कोंबडं, पैसे आणि महिने जाऊ लागले, पोराला मारझोड होऊ लागली, तर तिथे ठामपणे आडवं यायला हवं. हा शरीराचा आणि सवयीचा आजार आहे आणि तो बरा होतो.

६. दुसऱ्या दिवशीपासून

नव्या जोडीतला बैल पुलावर बुजला, तर जाणता शेतकरी त्याला हाणत नाही आणि दर वेळी घरीही परत आणत नाही. पुलाजवळ उभा करतो, थोपटतो, चार पावलं नेतो, दुसऱ्या दिवशी आणखी चार. बुजलेल्या मेंदूचं शिक्षण नेमकं असंच होतं.

दारव्ह्याच्या बाईंचं कोष्टक मांडू. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे. उभ्या बसमध्ये नुसतं बसणं: ३०. पहिल्या थांब्यापर्यंत सोबतीनं जाणं: ४५. तेवढंच एकटीनं: ६०. यवतमाळपर्यंत एकटीनं, गर्दीत: ९०. सुरुवात तीसपासून. बसमध्ये बसल्यावर भीती तीसवरून पन्नासवर गेली तरी उठायचं नाही. ती उतरून निम्म्यावर येईपर्यंत बसायचं, मग उठायचं. हेच रोज करायचं. काही दिवसांनी बसमध्ये शिरतानाच गुण दहावर असतात. मग पुढची पायरी. पर्समधली गोळी आणि बाटलीही हळूहळू घरी ठेवायची, नाहीतर यश त्यांच्या नावावर जमा होतं.

काही समुपदेशक याहून एक पाऊल पुढे जातात. ते मुद्दाम धडधड निर्माण करायला लावतात: जागच्या जागी मिनिटभर पळा, स्वतःभोवती गिरक्या घ्या. धडधड झाली, घेरी आली आणि काहीच झालं नाही, हे शरीराला कळतं. हृदयविकार, दमा, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर हे करू नये. आणि इतरांनीही पहिल्यांदा जाणकारासमोरच करावं.

७. पण माझी काळजी तर खरी आहे

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जूनमध्ये पेरणी झाली, पाऊस दडी मारून बसला, दुबार पेरणीला पैसे नाहीत. सावकार फोन करतो आहे. मुलीचं कॉलेज आहे. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. त्याची काळजी चुकीची नाही. प्रश्न इतकाच, की रात्री दोन वाजता अंथरुणात केलेल्या काळजीतून काही हाती येतं का.

एक वही घ्या. संध्याकाळी, झोपायच्या बरंच आधी, वीस मिनिटं ठरवा. डाव्या बाजूला काळजी लिहा, उजव्या बाजूला उद्या करायचं एक काम. पीक विमा काढला आहे आणि गारपिटीनं नुकसान झालं: विम्यातून काय मिळतं ते विमा कंपनीला लगेच विचारणं, हे काम. बिनपरवाना सावकारानं जमीन लिहून घेतली: महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली अशी जमीन परत मिळू शकते, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज, हे काम. पाऊस कधी येईल? उजवी बाजू कोरी. कोरी राहू द्या. रात्री हीच काळजी परत आली की तिला उद्याच्या संध्याकाळची वेळ द्यायची. पाऊस यानं पडत नाही, पण चार तास झोप मिळते, आणि झोपलेल्या माणसाला सहायक निबंधकांचं ऑफिस गाठण्याचं बळ असतं.

काळजी मात्र कधी कधी दुसरं रूप घेते. जेवण तुटतं, माणूस बोलेनासा होतो, ‘आपण नसलेलं बरं’ असं म्हणू लागतो. हे पॅनिकपेक्षा वेगळं आहे आणि इथे एक दिवसही थांबू नये. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका. थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. बोलायला वाट मिळते. पोलिस केसच्या भीतीनं झाकूनही ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

८. कुठे जायचं, औषध किती दिवस

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. ‘प्रेरणा प्रकल्प’ हा शेतकऱ्यांसाठीचा समुपदेशन कार्यक्रम राज्यानं २०१५ मध्ये यवतमाळसह १४ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात आणि १०४ क्रमांकावर फोनवरून बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही देशभराची सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

गावातली माणसं बोलतील का, ही शंका रास्त आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पानं ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून माणसांना बोलतं केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. विचारणारं माणूस ओळखीचं असलं की लोक बोलतात.

औषधांबद्दल दोन गट वेगळे ठेवा. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांची चटक लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता किंचित वाढूही शकते. नेमकी त्याच वेळी बरेच जण गोळी सोडतात. अल्प्राझोलाम अर्ध्या तासात शांत करते, पण तिची सवय लागते. म्हणूनच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून ती मागू नका, आणि रोज घेत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका. पहिल्या गटाची गोळी बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागते आणि डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

बरं झाल्यावर वर्षभरानं, एखाद्या पेरणीच्या धावपळीत, अटॅक पुन्हा येऊ शकतो. तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. झोप, खर्रा आणि चहा तपासायचा, कोष्टक काढायचं, ज्या पायरीला भीती चाळिशीच्या खाली आहे तिथून परत चढायचं. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर जुनी चिठ्ठी घेऊन त्याच डॉक्टरांकडे जायचं.